खेळाडूचे मोल आणि कराराची मुदत

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे झालेल्या आयपीएलच्या महालिलावात कल्याणच्या तुषार देशपांडेवर राजस्थान रॉयल्सने साडेसहा कोटी रुपयांची बोली लावली. त्याच लिलावात डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेचे नाव पहिल्यांदा पुकारले गेले, तेव्हा एकाही संघाने हात वर केला नाही. लिलाव संपत आला असताना कोलकाता नाइट रायडर्सने त्याला दीड कोटी या मूळ किमतीत घेतले आणि पुढे त्याच्याकडे कर्णधारपदही सोपवले. कल्याण आणि डोंबिवली या दोन स्थानकांच्या मध्ये ठाकुर्ली हे एकच स्थानक आहे. एकाच लोकलमार्गावर वाढलेल्या या दोन खेळाडूंपैकी एकाचे मोल त्या दिवशी तीस पटींहून अधिक वाढले होते, आणि दुसऱ्याचे जवळजवळ शून्यावर येऊन कसेबसे सावरले होते.

टिटवाळ्याहून निघालेली लोकल आंबिवली, शहाड घेत कल्याणला येते, तेव्हा शनिवार-रविवारच्या पहाटे तिच्या डब्यांत पाठीवर क्रिकेटचे किट घेतलेली मुले हमखास दिसतात. आझाद मैदान, क्रॉस मैदान किंवा शिवाजी पार्क गाठण्यासाठी त्यांना साठ किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो, आणि संध्याकाळी तितकाच परतीचा. या मुलांच्या घरी साडेसहा कोटींच्या आकड्याची चर्चा झाली नसेल तरच नवल. तथापि हे पैसे किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर, आणि मुदत वाढवण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हाती, याची चर्चा ना घरांत झाली, ना वाहिन्यांवर. 'कायम' आणि 'कंत्राटी' या दोन शब्दांतले अंतर ज्या उपनगरांना पुरेपूर ठाऊक आहे, तिथे खरे तर हाच प्रश्न आधी विचारला जायला हवा होता.

आयपीएलची व्यवस्था वरकरणी सोपी आहे. प्रत्येक संघाकडे सारख्याच रकमेची थैली असते. २०२२ मध्ये ती ९० कोटींची होती, २०२५ साठी १२० कोटी आणि २०२६ साठी १२५ कोटी झाली. साधारण तीन वर्षांनी महालिलाव होतो. त्याआधी मोजके खेळाडू कायम राखता येतात, बाकीचे सगळे पुन्हा बाजारात येतात. महालिलावात लागलेली बोली हीच सर्वसाधारणपणे पुढच्या महालिलावापर्यंतची वार्षिक किंमत ठरते. मधल्या प्रत्येक हंगामानंतर खेळाडूला ठेवायचे की सोडायचे, हे संघ ठरवतो. महालिलावाच्या आधी कायम राहण्यास खेळाडू नकार देऊ शकतो. एरवी मुदतवाढीची किल्ली संघमालकाच्याच खिशात असते. नव्या नियमांनुसार, लिलावात निवड झाल्यावर परदेशी खेळाडूने सबळ कारणाविना माघार घेतली तर त्याच्यावर दोन हंगामांची बंदी येते. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर २०२५ मध्ये ती आलीही. संघाने वर्षभरातच खेळाडूला सोडून दिले तर मात्र त्याला व्यवहाराचा भाग मानले जाते.

या नियमांचा प्रत्यक्ष अर्थ तुषार देशपांडेच्या तीन हंगामांत दिसतो. २०२२ मध्ये चेन्नई सुपर किंग्जने त्याला २० लाखांना घेतले. २०२३ मध्ये त्याने २१ बळी मिळवले. विजेत्या चेन्नईकडून सर्वाधिक. २०२४ मध्ये आणखी १७ बळी घेऊन तो पुन्हा संघात अव्वल ठरला. या काळात त्याची बोली होती तिथेच, म्हणजे २० लाखांवर राहिली. तीन हंगामांचे मिळून ६० लाख. लिलावात चुकीची बोली लागलेल्या एखाद्या महागड्या गोलंदाजाला तेवढे पैसे एका सामन्यामागे पडतात. जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध हरारे येथे तो भारताकडून पहिला ट्वेंटी-२० सामना खेळला. त्यानंतर नियमांतली एक गंमत पुढे आली. देशासाठी न खेळलेल्या खेळाडूला चार कोटींत कायम राखता येत होते. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे महेंद्रसिंग धोनी त्या सवलतीत बसला. दोन सामने खेळलेला देशपांडे मात्र 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' ठरला. अशा खेळाडूला कायम राखण्याचा सर्वांत खालचा टप्पा थैलीतून ११ कोटी वजा करणारा होता. चेन्नईने पाच खेळाडूंवर ६५ कोटी खर्च केले. देशपांडे त्यांत नव्हता. लिलावाने त्याला न्याय दिला खरा, पण तोही एकाच दिवशी, सारे साचलेले एकदम. हरारेच्या सामन्यांआधी किंवा नंतर त्याचा गुडघा दुखावला असता, तर ३८ बळींची किंमत २० लाखांच्या पुढे कदाचित गेलीही नसती.

पुण्याच्या ऋतुराज गायकवाडची कहाणी याहून सुखाची, पण त्याच वळणाची. २० लाखांच्या बोलीवर चेन्नईत आलेल्या ऋतुराजने २०२१ मध्ये ६३५ धावा करून सर्वाधिक धावांचा मान मिळवला. २०२२ च्या महालिलावापूर्वी चेन्नईने त्याला सहा कोटींना, आणि २०२५ पूर्वी १८ कोटींना कायम राखले. कोलकात्याचा रिंकू सिंग २०२२ मध्ये ५५ लाखांना घेतला गेला, २०२३ मध्ये भारतीय संघात आला, आणि २०२४ चा हंगामही त्याच ५५ लाखांवर खेळला. त्यानंतर त्याची किंमत १३ कोटी झाली. गुणवत्ता हळूहळू सिद्ध होत जाते. तिचा मोबदला मात्र तीन वर्षांतून एकदाच मोजला जातो. त्या एका तारखेला खेळाडू तंदुरुस्त आणि चर्चेत असला, तर त्याचे नशीब.

मधल्या काळात किंमत बदलण्याची एक फट आहे, ती म्हणजे दोन संघांमधील अदलाबदल. नोव्हेंबर २०२५ मध्ये रवींद्र जडेजा चेन्नईतून राजस्थानकडे गेला, तेव्हा त्याचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आणले गेले. त्याच सुमारास दिल्लीहून राजस्थानकडे गेलेल्या डोनोव्हन फरेराचे ७५ लाखांवरून एक कोटीवर नेले गेले. म्हणजे किंमत बदलायची तर आधी घर बदलायचे. जडेजाच्या बाबतीत तर इतिहासाने पूर्ण वर्तुळ केले आहे. राजस्थानशी करार न वाढवता मुंबई इंडियन्ससह अन्य संघांशी परस्पर बोलणी केल्याचा ठपका ठेवून २०१० मध्ये त्याला एक हंगाम बाहेर बसवण्यात आले होते. एकवीस वर्षांच्या मुलाने आपल्या कराराविषयी स्वतः बोलणे हा तेव्हा गुन्हा ठरला होता.

हा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवता येतो का, हे पाहायचे तर अमेरिकेतील बेसबॉलकडे वळावे लागते. तिथे नवोदित खेळाडू पहिली सहा वर्षे मूळ संघाशी बांधलेला असतो. त्यांतल्या पहिल्या साधारण तीन वर्षांत त्याला किमान वेतनाच्या आसपासच समाधान मानावे लागते, आणि नंतरची तीन वर्षे लवादाच्या आधारे वेतन ठरते. सहा वर्षांनी तो मोकळा होतो. या सहा वर्षांच्या आतच संघ त्याच्यापुढे करारवाढीचा प्रस्ताव ठेवू शकतो: पुढची आठ-दहा वर्षे आमच्याकडेच खेळ, आजच हमी घे, मोबदल्यात बाजारभावापेक्षा कमी पैशांवर राजी हो. अटलांटा संघाने २०१९ च्या एप्रिलमध्ये रोनाल्ड अकुन्या या २१ वर्षांच्या खेळाडूशी आठ वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा त्याच्या गाठीशी जेमतेम एका हंगामाचा अनुभव होता. २०२१ मध्ये त्याच्या एका गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४ मध्ये दुसरा गुडघा गेला. सर्वोत्तम ठरलेल्या वर्षी त्याला बाजारात कितीतरी अधिक मिळाले असते, यात शंका नाही. पण जायबंदी अवस्थेत घरी बसला असतानाही त्याचा पगार थांबला नाही. संघाला स्वस्तात खेळाडू मिळाला, खेळाडूला झोप मिळाली. काळाची जोखीम दोघांनी वाटून घेतली.

अर्थात हा सौदा संघावर उलटतोही. फिलाडेल्फियाने २०१० मध्ये रायन हॉवर्डशी पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलरची करारवाढ केली. जुना करार संपायला दोन हंगाम बाकी असतानाच ही घाई करण्यात आली होती, आणि नवी मुदत २०१२ पासून सुरू होणार होती. २०११ च्या बाद फेरीतील शेवटच्या चेंडूवर धावताना हॉवर्डच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. नवा करार सुरू होण्याआधीच तो खेळाडू पूर्वीचा राहिला नव्हता, आणि संघ पुढची पाच वर्षे त्याचे हप्ते भरत राहिला. न्यूयॉर्क मेट्सची गोष्ट तर तिथे दंतकथाच होऊन बसली आहे. २००० मध्ये बॉबी बोनिया या उतरणीला लागलेल्या खेळाडूला ५९ लाख डॉलर देऊन मोकळे करण्याऐवजी त्यांनी ती रक्कम सव्याज पुढे ढकलली. परिणामी २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला सुमारे ११ लाख ९० हजार डॉलर द्यावे लागतात. लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२३ च्या डिसेंबरमध्ये शोहेई ओतानीशी केलेल्या दहा वर्षांच्या ७० कोटी डॉलरच्या करारातले तब्बल ६८ कोटी २०३४ पासून पुढे द्यायचे आहेत. आजचा संघ उभारण्यासाठी उद्याच्या तिजोरीवर टाकलेला हा बोजा पाहिला, की आयपीएलच्या संघमालकांना आपली तीन वर्षांची पाटी किती स्वच्छ वाटत असेल, याची कल्पना येते.

तरीही अमेरिकेतील मालकांना ही उदारता आपणहून सुचलेली नाही. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने मार्व्हिन मिलर या कामगार चळवळीतून आलेल्या नेत्याच्या हाताखाली १९६८ मध्ये पहिला सामूहिक करार केला. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना अमर्याद काळ बांधून ठेवण्याची मालकांची पद्धत मोडली. खेळाडू निघून जाऊ शकतो हे कळल्यावरच त्याने राहावे म्हणून आगाऊ हमी देण्याची बुद्धी मालकांना झाली. करारवाढ ही तिथे दोन पक्षांतील वाटाघाटींची निष्पत्ती आहे. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंपुरतीच आहे. खेळणाऱ्या खेळाडूच्या वतीने टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारे कोणी नाही.

मुंबईच्या क्रिकेटला दीर्घ मुदतीच्या हमीचा विचार नवा नव्हे. तो फक्त वेगळ्या नावाने ओळखला जात असे, आणि ते नाव होते नोकरी. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये, पद्माकर शिवलकर टाटांकडे. टाइम्स शील्डच्या कार्यालयीन स्पर्धेसाठी बँका, गिरण्या आणि तेल कंपन्या खेळाडू नेमत. पगार बेताचा असे, पण तो निवृत्तीच्या वयापर्यंत चालत असे, खांदा निखळला तरी आणि निवड समितीची मर्जी फिरली तरी. शिवलकरांसारखा फिरकी गोलंदाज कसोटीचे दार न उघडताही वर्षानुवर्षे मुंबईसाठी गोलंदाजी करत राहिला, त्याला या हमीचाही हातभार होता. त्या काळातील करारवाढ म्हणजे हजेरीपटावरचे नाव. त्यात लिलाव नव्हता, आणि फसवी आशाही नव्हती.

ती व्यवस्था उदारीकरणानंतर झिरपत गेली. कंपन्यांनी खेळाडूंची भरती आटोपती घेतली. आणि 'कायम' हा शब्दही काही अढळ नव्हता, हे टिटवाळ्याच्या शेजारचे लोक जाणतात. आंबिवलीजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. त्या परिसरातील पुढच्या पिढीने पक्क्या नोकरीवरचा विश्वास उगाच गमावलेला नाही. जिथे कारखान्याचाच भरवसा उरला नाही, तिथे एखाद्या बापाने मुलाच्या हातात बॅट देऊन महालिलावाची वाट पाहिली, तर त्याला वेडा कसे म्हणायचे?

संघांच्या बाजूनेही हिशेब मांडायला हवा, कारण थैली सांभाळणे हे सोपे काम नाही. मुंबई इंडियन्सचेच पाहा. २०२२ च्या महालिलावापूर्वी त्यांनी रोहित शर्मा (१६ कोटी), जसप्रीत बुमराह (१२), सूर्यकुमार यादव (आठ) आणि कायरन पोलार्ड (सहा) यांना राखले, आणि लिलावात इशान किशनवर सव्वापंधरा कोटी खर्च केले. त्याच लिलावात त्यांनी एक अपवादात्मक धाडस केले. जोफ्रा आर्चर दुखापतीमुळे २०२२ चा हंगाम खेळणार नाही हे माहीत असताना त्याच्यासाठी आठ कोटी मोजले. बुमराह आणि आर्चर एकत्र गोलंदाजी करताहेत, हे पुढच्या दोन वर्षांचे स्वप्न होते. पहिल्या वर्षी संघ दहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्या वर्षी आर्चर आला तेव्हा बुमराह पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. आर्चर पाच सामने खेळून मायदेशी परतला, आणि त्या हिवाळ्यात मुंबईने त्याला सोडून दिले. तीन वर्षांच्या चक्रात भविष्यावर पैसे लावण्याचा हा बहुधा सर्वांत धीट प्रयोग, आणि तो पुरता फसला. त्याच लिलावात एक कोटी ७० लाखांना घेतलेला तिलक वर्मा मात्र पहिल्याच हंगामात ३९७ धावा करून गेला. तीन वर्षे त्याचे मोल तेवढेच राहिले, आणि २०२५ साठी ते आठ कोटी झाले. आर्चरवर गमावलेले तिलकवर भरून निघाले, असेही म्हणता येईल. फक्त तो फरक तिलकच्या खिशातून गेला.

२०२५ साठी मुंबईने बुमराहला १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिक पंड्याला प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहितला १६ कोटी ३० लाख आणि तिलकला आठ कोटी अशी विभागणी केली. बेरीज बरोबर ७५ कोटी. उरलेल्या ४५ कोटींत बाकी सगळा संघ उभा करायचा होता. बुमराहला सर्वांच्या वर ठेवून मधल्या तिघांना जवळजवळ एकाच पायरीवर बसवण्यात व्यवहाराइतकेच मनधरणीचेही कौशल्य होते. कर्णधारपदावरून झालेला २०२४ चा वाद अजून ताजा होता. पंड्या आणि सूर्यकुमारच्या आकड्यांत तफावत नाही आणि रोहितचा आकडा पाच लाखांनी कमी आहे, हे योगायोगाने घडत नसते. संघ २०२५ मध्ये अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत गेला. डिसेंबर २०२५ च्या लिलावात मुंबई उतरली ती अवघ्या पावणेतीन कोटींसह, दहा संघांत सर्वांत कमी. त्यांतल्या एका कोटीत त्यांनी क्विंटन डी कॉकला परत आणले. पालघरचा शार्दूल ठाकूर, जो जेद्दाच्या लिलावात विकलाच गेला नव्हता, तो त्याआधीच लखनऊकडून दोन कोटींना अदलाबदलीत मुंबईकडे आला होता. पगारपत्रक भरलेले असताना संघ मजबूत करण्याचा हा शहाणपणाचा नमुना म्हणता येईल.

उलट बाजूला कोलकाता. त्यांनी जेद्दात वेंकटेश अय्यरवर पावणेचोवीस कोटी उधळले आणि अय्यरने २०२५ च्या हंगामात १४२ धावा केल्या. दीड कोटींचा रहाणे ३९० धावा करून संघात अव्वल राहिला. बेसबॉलमध्ये अशी चूक संघमालकाला सात-आठ वर्षे भोवली असती. कोलकात्याने वर्ष संपताच अय्यरला सोडले, ६४ कोटी ३० लाखांची सर्वांत मोठी थैली घेऊन डिसेंबरच्या लिलावात प्रवेश केला, आणि अय्यर सात कोटींवर बंगळुरूकडे गेला. चूक संघाची, पण एका वर्षात पावणेसतरा कोटींची घसरण सोसली खेळाडूने. पावणेचोवीस कोटी मिळवलेल्या खेळाडूसाठी कोणी अश्रू ढाळावेत अशी अपेक्षा नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे, आणि तेच तत्त्व तीस लाखांच्या खेळाडूलाही लागू होते.

रहाणेच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध म्हणजे तर दर वर्षी नव्याने परीक्षेला बसणे. राजस्थानने २०१८ मध्ये त्याला लिलावात चार कोटींना घेतले, २०२० पूर्वी दिल्लीला दिले. कोलकात्याने २०२२ मध्ये एक कोटीला घेतले आणि सोडले. चेन्नईने २०२३ मध्ये ५० लाखांना घेतले, तेव्हा त्याने १७२ च्या गतीने ३२६ धावा केल्या, चेन्नईने चषक जिंकला आणि रहाणे कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी भारतीय संघात परतला. ऑस्ट्रेलियात २०२०-२१ ची मालिका जिंकून देणाऱ्या या कर्णधाराला भारतीय मंडळाने त्याच वर्षाच्या मार्चमध्ये वार्षिक करारातून वगळलेले होते. मंडळाचे करारही वर्षापुरतेच असतात. श्रेयस अय्यरला फेब्रुवारी २०२४ मध्ये वगळले, मे महिन्यात त्याने कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिले, नोव्हेंबरमध्ये पंजाबने पावणेसत्तावीस कोटी मोजले, आणि एप्रिल २०२५ मध्ये मंडळाने त्याला पुन्हा करार दिला. दीर्घ मुदतीचा विचार करणारी यंत्रणा इतक्या वेगाने मत बदलत नाही.

आयपीएलचे दार न उघडलेल्यांचे चित्र काय? नवख्या रणजी खेळाडूला मंडळाकडून दिवसाला ४० हजार मिळतात. चार दिवसांच्या सामन्याचे एक लाख ६० हजार, साखळीतील सातही सामने अंतिम अकरांत राहून खेळला तर ११ लाख २० हजार. मुंबई क्रिकेट संघटनेने तेवढीच भर आपल्याकडून घालण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये, २०२४-२५ च्या हंगामापासून, जाहीर केला. हा निर्णय निःसंशय चांगला. त्याच महिन्यात रहाणेच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४२ वा रणजी करंडक जिंकला होता. त्या वाटचालीत बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकावरील तुषार देशपांडे या दोघांनीही शतके ठोकली होती. परंतु सामना खेळला तर पैसे, हे सूत्र कायमच आहे. वयाच्या विसाव्या वर्षी महाविद्यालय अर्धवट सोडलेल्या मुलाला तीन वर्षांची हमी देणारा करार राज्य संघटनेने द्यावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

आयपीएलमध्येही काही करता येण्याजोगे आहे. बेसबॉलसारखे दहा वर्षांचे करार इथे नकोत. समान थैलीमुळे संघांत जो समतोल आहे तो मोडेल, आणि बोनियासारखे हप्ते भरणारे संघ इथेही निर्माण होतील. तारांकित खेळाडूंना जन्मभर बांधून ठेवायला श्रीमंत संघ टपलेलेच आहेत, हा आक्षेप खोटा नाही. पण ५० लाखांखालच्या बोलीवर घेतलेल्या खेळाडूने एक हंगाम गाजवला, तर महालिलावाची वाट न पाहता, थैलीच्या मर्यादेतच, त्याच्याशी नवी किंमत आणि पुढची मुदत ठरवण्याची मुभा संघाला द्यायला काय हरकत आहे? अदलाबदलीच्या वेळी मानधन बदलता येते हे जडेजा आणि फरेराच्या उदाहरणांनी सिद्धच झाले आहे. जे घर सोडणाऱ्याला मिळते, ते घरात राहणाऱ्याला का नाकारायचे, याचे उत्तर नियामकांनी द्यायला हवे. चेन्नईलाही २०२३ च्या हंगामानंतर देशपांडेला चार-पाच कोटींवर बांधून घेता आले असते, तर पुढच्या वर्षी साडेसहा कोटींच्या बोलीपुढे त्याला गमवावे लागले नसते. म्हणजे यात फायदा केवळ खेळाडूचा नाही.

पुढचा महालिलाव २०२८ च्या हंगामापूर्वी अपेक्षित आहे. आज सोळाव्या वर्षी टिटवाळ्याहून पहाटेची गाडी धरणारा मुलगा तोवर अठरा-एकोणीस वर्षांचा झालेला असेल. त्याने सगळे जमवले, मुंबईच्या संघाचे लक्ष वेधले, आणि एखाद्या संघाने त्याच्या नावावर हात वर केला, तर ती बोली बहुधा किमान मूळ किमतीची, सध्याच्या हिशेबाने ३० लाखांची असेल. नियम आहेत तसेच राहिले, तर त्याने पहिल्याच हंगामात २१ बळी घेतले तरी २०३० पर्यंत त्याचे मोल तेवढेच राहील.